सांसर्गिक रोगांच्या वाटा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी रोगराईचा विषय काढावा, हे पुष्कळांस विपरीत वाटेल. उत्सवात आनंदाच्या गोष्टी बोलाव्या, पूर्वजांचे स्मरण करावे, झाल्या कार्याबद्दल देवाचे आभार मानावे, अशीच रीत आहे. परंतु पूर्वजांचे स्मरण खरोखरीच करावयाचे तर त्यांच्या कबरींपाशी क्षणभर उभे राहिले पाहिजे. आणि कोणत्याही जुन्या कबरस्तानात उभे राहिले म्हणजे लहान मुलांच्या कबरी किती आहेत हे पाहून मन चरकते. ती मुले काही वार्धक्याने गेली नाहीत. कोणी देवीने गेले, कोणी घटसर्पाने, कोणी पटकीने, कोणी हगवणीने. ज्या वाटेने तो रोग त्यांच्या पाळण्यापर्यंत आला, ती वाट त्यांच्या आईबापांस ठाऊक नव्हती. आम्हांस आज ती ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय आम्ही ह्या प्रसंगी हाती घेतला.

संसर्गाचा रोग आपल्या पायांनी चालत नाही; त्यास कोणीतरी वाहून न्यावे लागते. कधी पाणी वाहून नेते, कधी श्वास, कधी माशी, डास किंवा पिसू, कधी कुत्र्याचा दात, आणि पुष्कळदा आपलेच हात. वाहून नेणारे कोणी मिळाले नाही तर बहुतेक रोगजंतू जागच्या जागी नष्ट होतात. जुन्नरच्या मंडळींस हे समजण्यास कठीण जाऊ नये, कारण हे नगरच मुळी वाटेवर वसलेले. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवितात. त्या वाटेने व्यापारी आले, भिक्षू आले, सैन्ये आली-गेली. रोगास जकात पडत नव्हती. तोही त्याच वाटेने आला असणार.

नाणेघाटाची जागा आता पुणे-नाशिक महामार्गाने घेतली आहे. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील बाजार, उसाच्या हंगामात येणाऱ्या तोडणीच्या टोळ्या, द्राक्षबागांत व टोमॅटोच्या मळ्यांत राबणारे मजूर, पुण्यामुंबईस नोकरी करून सणासुदीस घरी येणारी आपलीच मुले, ह्या सर्वांच्या येण्याजाण्यावर ह्या दोन तालुक्यांचे जीवन चालते. ते थांबविता येणार नाही आणि थांबवूही नये. साथ आली की बाहेरून आलेल्या मजुराकडे बोट दाखविण्याची जी खोड लोकांस आहे ती मात्र सोडली पाहिजे. ज्याला आम्ही उसाच्या फडाशेजारी कोपीत राहावयास लावतो, जेथे ना शुद्ध पाणी ना शौचालय, तेथे रोग झाला तर पहिला बळी त्याचाच जातो.

जुन्नरचे नाव निघाले आहे तर येथील एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. हे शहर मोगलांच्या ताब्यात असता, १६७५ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य येथील सुभेदाराच्या जनानखान्यातील एका आजारी स्त्रीस पाहण्याकरिता मुंबईहून घाट चढून आला. स्त्री पडद्याआड. पडद्यातून एक हात पुढे झाला. फ्रायरने नाडी पाहिली आणि ही बाई निरोगी आहे असे सांगितले. वैद्याची परीक्षा पाहण्याकरिता तो हात मुद्दाम एका धडधाकट दासीचा पुढे केला होता! तो परीक्षेस उतरला, तेव्हा खऱ्या रोग्याचा हात त्याच्या हाती देण्यात आला.

फ्रायरच्या काळी नाडी हेच साधन होते. रोगजंतूंचा शोध लागल्यानंतर असे कळून आले की नाडी ठणठणीत असलेली दासीसुद्धा घरात रोग पसरवीत असू शकते. न्यूयॉर्क येथे मेरी मॅलन नावाच्या एका स्वयंपाकिणीने ज्या घरांत स्वयंपाक केला त्यांतील बहुतेक घरी विषमज्वर झाला. १९०७ साली तिचा माग लागला, तेव्हा ती स्वतः पूर्ण निरोगी दिसत होती. म्हणूनच शौचाहून आल्यावर व स्वयंपाकास बसण्यापूर्वी साबणाने हात धुण्याचा नियम आजाऱ्यापुरता नाही, तो घरातील प्रत्येकास लागू आहे.

परंतु त्या हकीकतीतील पडदा आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पाण्याची, डासाची, हवेची वाट अडविण्याची साधने आज गावोगाव पोहोचली आहेत. एक वाट मात्र औषधाने बंद होत नाही. ती लपविण्याची वाट. रोग झाला हे सांगावयाचे नाही, दवाखान्यात दुसऱ्याचे नाव सांगावयाचे, औषधाची पुडी शेजारणीच्या दृष्टीस पडू द्यावयाची नाही! ह्या पडद्याआड रोग जितका निर्धास्त राहतो तितका तो कोणत्याही डबक्यात राहत नाही. आणि लोक लपवितात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. रोग उघड केला तर आपणांस काय भोगावे लागेल, ह्याचा हिशेब करून ते लपवितात. हा हिशेब कसा बिघडतो, हे आपल्याच पुणे जिल्ह्याने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांस आढळले. हे मूळचे गोव्याचे, आपल्याच धर्माचे गृहस्थ. हा प्लेग आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा व्यापाराच्या त्या नगरीत अनेकांस ते नावच नकोसे झाले. पुढे साथ भडकली, लक्षावधी लोक मुंबई सोडून निघाले, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही पुण्यास पोहोचला. १८९७ च्या आरंभी पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली व घरझडतीचे काम गोऱ्या सोजिरांकडे दिले गेले. रोगी शोधणे, त्यास वेगळे ठेवणे, घर निर्जंतुक करणे, ह्या गोष्टी तत्त्वतः चूक नव्हत्या. पण त्या ज्या रीतीने झाल्या, देवघरात व माजघरात बूट घालून शिरणे, स्त्रियांची अप्रतिष्ठा करणे, सामानसुमान रस्त्यावर टाकून जाळणे, त्या रीतीने लोकांची मने विटली. परिणाम काय झाला? रोगी माळ्यावर, कोठीत, कणगीआड लपविले जाऊ लागले. प्रेते गुपचूप पुरली जाऊ लागली. २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की ज्या उपायाने लोक रोग लपवू लागतात तो उपाय, कितीही शास्त्रीय असला तरी, रोगाच्याच पक्षाला जाऊन मिळतो.

त्याच साली, त्याच पुण्याजवळ, दुसरीही एक रीत दिसून आली. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव ह्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. तेथे कोणास ओढून आणावे लागत नव्हते. रोग्यांची शुश्रूषा करिता करिताच सावित्रीबाईंस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

प्लेगविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला, तरी तो माणसांत येतो कसा हे कोडेच होते. १८९८ साली फ्रेंच डॉक्टर सिमाँ ह्यांनी कराचीत प्रयोग करून उंदराच्या पिसवा हे त्याचे वाहन असल्याचे दाखविले, आणि ते विद्वानांस पटावयास पुढे कित्येक वर्षे लागली. आपल्या खेड्यांतील माणसांनी हे आपल्या परीने केव्हाच ताडले होते. ‘उंदीर पडले’ असे ऐकताच गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची भुकेली पिसू माणसाकडे वळते हे त्यांस ठाऊक नव्हते; पण मेलेला उंदीर ही सूचना आहे, ती दडवावयाची नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्याच्या घरात पहिला उंदीर पडला त्याने ते ओरडून सांगितले म्हणून सारा गाव वाचला, असे प्रसंग अनेक जिल्ह्यांतील वृद्धांच्या तोंडी असत.

प्लेगनंतर वीस वर्षांनी मानमोडी आली. १९१८ च्या इन्फ्लुएंझास आपल्याकडे हे नाव पडले. (जुन्नरच्या दक्षिणेस लेण्यांचा जो मानमोडी डोंगर आहे त्याचा ह्या रोगाशी संबंध नाही; तेथील प्राचीन लेखांत त्याचे नाव मानमुकुड असे आहे. मुले विचारतात म्हणून सांगून ठेवले.) त्या एका वर्षात हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली असा अंदाज आहे. पाऊस नव्हता, धान्य महाग होते, आणि घरटी माणूस अंथरुणास खिळलेले असता पाणी देण्यासही कोणी उरत नव्हते. हा श्वासावाटे पसरणारा रोग. त्यानंतर शंभर वर्षांनी, ९ मार्च २०२० रोजी, कोरोनाचे राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले, आणि पुढे काय झाले ते ह्या सभेतील लहान मुलांखेरीज सर्वांनी भोगले आहे. गावांच्या वेशीवर काट्या टाकल्या गेल्या. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावास घराबाहेर गोठ्यात झोपविले गेले. चौदा दिवस वेगळे राहणे योग्यच होते. पण त्याच्या ताटात चार शब्द प्रेमाचे वाढावयास कोणती मनाई होती? ज्या घरी पहिला रुग्ण निघाला त्या घरास वाळीत टाकल्यासारखे वागविले गेले, आणि दुसऱ्या घरी ताप आला तेव्हा त्या घराने तो साधा ताप म्हणून दडपला. १८९७ चीच गोष्ट, सोजिरांवाचून.

आता पाण्याकडे वळू. आमच्या मते ह्या दोन तालुक्यांत दरवर्षी काळजी करण्याजोगी वाट हीच होय. पश्चिमेस भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंत डोंगराळ पट्टा. तेथे पाऊस कोसळतो, आणि तरीही उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणे डोळ्यांसमोर, आणि वरच्या वाड्यावस्त्यांच्या विहिरी कोरड्या, ही विपरीत स्थिती आहे. चैत्र-वैशाखात झऱ्याचे वाटीवाटीने गोळा केलेले पाणी संपते आणि मृगाचा पहिला पाऊस येतो. त्या पहिल्या पावसाचे सर्वांस कौतुक. परंतु दोन-तीन महिने रानात साचलेली सारी घाण तोच पाऊस ओहोळांतून विहिरीत आणून सोडतो. हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ ह्या सर्वांचा हंगाम तेव्हापासून सुरू होतो. विहिरीस कठडा व भोवती पक्का ओटा नसेल तर ती विहीर नव्हे, गावाचे गटार होय, हे कठोर शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहो.

पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर नेत व शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडीत. तेथील लोक तो पुढल्या गावास पोहोचवीत. त्या चालीस हसणे सोपे आहे. रोग गावोगाव चालत जातो एवढे तिच्यात अचूक हेरलेले होते. फक्त तो आपल्या शिवेपलीकडे ढकलला म्हणजे संपला, ही समजूत खोटी. नदीकाठी आजही तेच चालते. वरच्या गावाने घोडनदीत किंवा मीनेत जे सोडले ते खालच्या गावाने प्यावयाचे! आणि शहरास आपण सुटलो असे वाटत असेल तर तेही व्यर्थ आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड ह्या भागांत हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, त्यांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. शोधाअंती संशय दूषित पाण्याकडे व त्यांतील कॅम्पिलोबॅक्टर ह्या जंतूकडेच वळला.

उपाय नवे नाहीत. विहिरीत अगर टाकीत टीसीएल पावडर रोज टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरांस अडीच ग्रॅम पुरते व ती टाकल्यावर तासभर पाणी उपसू नये. पण पावडरीचा डबा उघडा राहिला, ओलावला, की तिच्यातील गुण उडून जातो, आणि मग पांढरी पूड टाकल्याचे समाधान तेवढे उरते. म्हणून ग्रामसभेत उठून डबा कोठे ठेवता, झाकण लावता का, असे विचारावे. विचारणाऱ्यास लोक किरकिऱ्या म्हणतील; म्हणू द्यावे. घरी पाणी खळखळ उकळावे, झाकून ठेवावे, आणि माठात हात न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. मूल जुलाबाने मरते ते बहुधा जंतूच्या विषाने नव्हे, अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून आयाबहिणींच्या हातून रोग्यांस पाजविले, आणि शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यू चारांहून खाली आले. तेच पाणी आपल्या चुलीपाशी होते: एक लिटर उकळून निवविलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये. बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर मात्र घरी न थांबता ग्रामीण रुग्णालय गाठावे.

पाण्याच्या बाबतीत हताश होण्याचे कारण नाही, हे दाखविणारे एक उदाहरण नारूचे. पायऱ्या उतरून ज्यांत पाय बुडवून पाणी भरावयाचे, अशा जुन्या बारवा महाराष्ट्रात अनेक. मंचरची बारव आपण पाहिलीच आहे. नारूचा रोगी असल्या पाण्यात पाय घाली, फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात उतरत, आणि पाणी पिणाऱ्याच्या अंगात पुढल्या वर्षी हातभर लांबीचा कृमी वाढे. ह्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्या बंद करून रहाटाने पाणी काढणे, आणि नारू झालेल्या माणसाने तो न लपविता सांगणे व पाण्यात पाय न घालणे, एवढ्याच उपायांनी हा रोग देशातून गेला. १९९६ च्या जुलैत भारतातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. फडके आणि सत्य, एवढ्यावर एक रोग नाहीसा झाला!

डासांविषयी थोडक्यात सांगतो. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्यास स्वच्छ साठविलेले पाणी लागते. ज्या वाड्यांत पाण्याची टंचाई तेथेच पिंपे भरून ठेवली जातात, म्हणून तेथेच डेंग्यू. आणि पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेल्या जुन्या टायरांत पावसाचे पाणी साचते, ते निराळेच. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण अंड्यापासून डास होण्यास आठवडाभर लागतो. २०२१ च्या जुलैत झिका हा नवा रोग महाराष्ट्रात प्रथम सापडला तो मुंबईत नव्हे, आपल्याच जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी, ह्याचा विसर पडू नये.

जुन्नरचे नाव हल्ली देशभर बिबट्यांमुळे होते. बिबट्याची भीती रास्तच आहे. पण गल्लीतील कुत्र्याचा दात आम्हांस त्याहून अधिक भयंकर वाटतो, कारण त्याची भीती कोणी बाळगीत नाही. पिसाळी एकदा अंगात दिसू लागली की माणूस वाचत नाही. आणि येथेही मौन आडवे येते: मूल मार बसेल म्हणून कुत्र्याने ओरबाडल्याचे घरी सांगत नाही. मुलांस आजच सांगून ठेवा की कुत्रे चावल्यास त्यांस कोणी रागावणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी, तीत हळद-तिखट-चुना काही भरू नये, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, आणि ठरलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने पुरी करावी. जखम खोल असल्यास लशीबरोबर सीरमही मागून घ्यावे.

ज्याकरिता हे सारे बोलणे मुख्यतः मांडले, तो रोग आता घेतो. क्षय. कॉख ह्यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्याचा जंतू जाहीर केला, औषधे निघून ऐंशी वर्षांच्या आसपास झाली, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साध्या क्षयास सहा महिने पुरतात. आणि तरीही जगातील क्षयरोग्यांचा सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. असे का? जंतू श्वासावाटे, खोकल्यावाटे, कोंदट खोलीतून पसरतो हे खरे; अंधाऱ्या माजघरात धुराने व्यापलेली हवा, अपुरे अन्न, तंबाखू-दारू ह्यांचा हात आहे हेही खरे. परंतु आम्ही ज्या घरांतून फिरलो तेथे सर्वांत मोठे कारण दिसले ते असे: मुलीचे लग्न जमावयाचे आहे. सुनेस खोकला आहे, पण तिच्या माहेरच्यांस कळता कामा नये. मुलगा पुण्याहून परत आला आहे, कामावरून काढतील म्हणून थुंकी तपासून घेत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सायंकाळी कणकण येते, वजन घटते, आणि तरी घरात त्यास ‘हवा बदलली’ असे म्हणतात. औषध न घेणारा असा एक रोगी वर्षाकाठी दहा-पंधरा जणांस जंतू देऊ शकतो. आणि ते दहा-पंधरा जण कोण? ज्यांच्यापासून त्याने लपविले तेच: त्याची आई, त्याचे मूल, त्याच्या शेजारी निजणारा भाऊ.

ह्याच्या उलट बाजू पाहा. योग्य औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून संसर्ग होणे थांबते. म्हणजे उघड झालेला व औषध घेणारा क्षयरोगी शेजारास निर्धोक आहे. धोका आहे तो लपलेल्यापासून. आपण समाज म्हणून नेमके उलटे वागतो: उघड झालेल्यास टाळतो आणि लपलेल्याच्या पंक्तीस बसतो. क्षय बरा झालेल्या मुलीशी लग्न करण्यास वैद्यकदृष्ट्या काहीही हरकत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम ह्या भरल्या सभेत, मुलांच्या आयांसमोर उच्चारीत आहो. घरातील कोणास क्षय निघाल्यास इतरांनीही तपासून घ्यावे. लहान मुलांस व इतर आप्तांस रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये खात्यात जमा करीत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पैसा थोडा आहे, पण तो मागण्यात लाज नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून तिसऱ्या महिन्यात औषध सोडू नये. तसे केल्यास उरलेला जंतू औषधास दाद देईनासा होतो व तोच पुढे पसरतो.

लशींविषयी दोन शब्द. १४ जून १८०२ रोजी मुंबईत आन्ना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवी टोचल्या. भारतात यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्या दंडावरील लस दुसऱ्या मुलांस, त्यांची तिसऱ्यांस, अशी बाहूपासून बाहूपर्यंत ती देशभर गेली. रोग जसा माणसाकडून माणसाकडे जातो, तसे त्याचे निवारणही त्याच वाटेने गेले. १९७५ साली देवी ह्या देशातून गेल्या. गोवर मात्र गेलेला नाही; लस चुकलेली मुले जेथे साठतात तेथे तो उसळतो, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईत व मालेगावात दिसून आले. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची, अशा दोन्ही मात्रा पुऱ्या करा. ऊसतोडीच्या टोळीतील मुले आपल्या शिवारात असतील तर त्यांची नावे आशाताईंस कळवा.

अफवेसही संसर्ग असतो, हे आपल्या टोमॅटोवाल्यांनी अनुभवले आहे. मे २०२० मध्ये टोमॅटोवर आलेल्या एका विषाणूपासून माणसांस धोका आहे अशी बातमी पसरली. वनस्पतीवरील ते विषाणू माणसास बाधत नाहीत, असे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले. पण तोवर नारायणगावपासून संगमनेरपर्यंतच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठून गेला होता. मोबाईलवर आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी तो खरा आहे का हे विचारणे, ही तोंडावर रुमाल धरून खोकण्यासारखीच शिस्त आहे.

आपल्या धर्मसभेस ह्यात नवे असे काही नाही. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला तेव्हा महागुरू चार्ल्स बोरोमेओ ह्यांनी लोकांस मंदिरात दाटी करू दिली नाही. चौकाचौकांत वेद्या उभारवून मिस्सा अर्पण करविली, म्हणजे घरात कोंडलेल्यांस खिडकीतून सहभागी होता यावे. स्वतः मात्र ते रोग्यांच्या घरोघरी गेले. मुंबईच्या गावठाणांतून प्लेगच्या काळी उभारलेले क्रूस आजही गल्लीच्या तोंडाशी दिसतात. २०२० च्या मार्चनंतर आपलीही मंदिरे बंद राहिली आणि मिस्सा मोबाईलच्या काचेत पाहावी लागली, तेव्हा काहींनी तो श्रद्धेचा अभाव मानला. मिलानच्या त्या चौकांची हकीकत त्यांस ठाऊक असती तर त्यांनी तसे म्हटले नसते.

आता ज्युबिलीच्या भोजनाविषयी मंडळाशी आमचे जे ठरले आहे ते सांगून थांबतो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत काल रात्री टीसीएल टाकली आहे; पाणी नळानेच घ्यावे, पेला टाकीत बुडवू नये. हात धुण्याची जागा मंडपाच्या उजव्या अंगास, साबण तेथेच आहे. ज्यांस मागील दोन दिवसांत जुलाब अगर उलटी झाली असेल त्या स्वयंसेवकांनी वाढावयास येऊ नये. त्यांनी आपले नाव प्रमुखांस सांगावे, त्यांस खुर्च्या लावण्याचे काम मिळेल. ताप-खोकल्यामुळे जे घरी राहिले आहेत त्यांची यादी सिस्टरांकडे आहे. त्यांची ताटे पहिल्या पंगतीच्या आधी भरली जातील, आणि ती पोहोचविण्यास प्रत्येक वाडीतून दोन तरुण हवे आहेत.